वडील गोल्फच्या मैदानावरचं गवत राखायचे, पोरानं दोनदा इंडियन ओपन मारली!

रोह्याहून दिव्याला जाणारी मेमू पकडा. नागोठणे, पेण, हमरापूर, आपटा करत पनवेलला उतरा आणि तिथून हार्बरची लोकल घ्या. वाटेत आधी खारघर लागेल, मग खाडी ओलांडल्यावर चेंबूर. आमच्या भागातली शेकडो माणसं रोज हा प्रवास करतात. कुणी कॉलेजला, कुणी नोकरीला, कुणी पेणच्या गणपतीची ऑर्डर पक्की करायला. पण या एकाच रूटवर दोन गोल्फ कोर्स आहेत, हे त्यातल्या किती जणांना माहिती असेल? मलाही बरीच वर्षं माहिती नव्हतं.

खारघरचा कोर्स सिडकोने बांधलेला. डोंगराच्या कुशीत आहे, आणि खारघर पनवेल तालुक्यात येतं म्हणजे तो थेट आपल्या रायगड जिल्ह्यातला. चेंबूरचा कोर्स बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचा, १९२७ सालापासूनचा. पेण, रोहा, अलिबागच्या पट्ट्यात खेळ म्हटलं की कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट. गावदेवीच्या मैदानात चुन्याच्या रेषा मारल्या की कबड्डीचं ग्राऊंड तयार. गोल्फचं तसं नाही. १८ होल्सच्या एका कोर्सला शंभर-दीडशे एकर जमीन सहज लागते, वर त्या जमिनीवरचं गवत बारा महिने हिरवं ठेवायला पाणी आणि माणसं लागतात.

विषय या माणसांचाच आहे. कारण भारताच्या व्यावसायिक गोल्फमधली मोठमोठी नावं क्लबच्या मेंबरांच्या घरातून आली तशीच ती गवत कापणाऱ्यांच्या, बॉल शोधून आणणाऱ्यांच्या आणि बॅगा उचलणाऱ्यांच्या घरातूनही आली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे एस. एस. पी. चौरसिया.

आधी हा खेळ दोन मिनिटांत समजून घेऊ

४ सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा बॉल, आणि जमिनीत १०८ मिलीमीटर रुंदीचं भोक. कमीत कमी फटक्यांत बॉल त्या भोकात घालायचा. अशी १८ भोकं म्हणजे एक राऊंड. मोठ्या स्पर्धेत चार दिवस चार राऊंड होतात. प्रत्येक होलला किती फटके लागायला हवेत याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात, त्यांना क्लब म्हणायचं. (मैदानाच्या संस्थेलाही क्लब आणि काठीलाही क्लब, त्यामुळे सुरुवातीला आपला गोंधळ होतो.)

ही बॅग उचलून खेळाडूबरोबर चालतो तो कॅडी. पण तो नुसता हमाल नसतो. वारा कुठून येतोय, उतार किती आहे, इथून कोणता क्लब वापरायचा, हे मुरलेला कॅडी अचूक सांगतो. क्लबचे मेंबर त्याचा सल्ला मुकाट्याने ऐकतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॅडीला महिन्याचा पगार नसतो, पैसे राऊंडवर मिळतात. राऊंड नाही तर पैसे नाहीत. कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा आठवा, म्हणजे या कमाईची गत लक्षात येईल.

आता पैशाचं गणित. व्यावसायिक गोल्फपटूला कुणी पगार देत नाही. स्पर्धेत पहिले दोन दिवस सगळे खेळतात, त्यानंतर कट लागतो. ठरावीक नंबरच्या आत असलेले पुढे खेळतात, बाकीचे घरी. कट चुकला तर बक्षिसातला एक रुपया मिळत नाही. प्रवास, हॉटेल, एंट्री आणि स्वतःच्या कॅडीचे पैसे मात्र खिशातून जातात. घरून पाठबळ असलेला पोरगा असे पाच-सहा आठवडे कोरडे काढू शकतो. ज्याच्या घरी तेवढे पैसे नाहीत, त्याला दुसऱ्याच आठवड्यात तिकिटाचा प्रश्न पडतो.

चौरसिया नावाचा पोरगा

शिवशंकर प्रसाद चौरसियाचा जन्म १५ मे १९७८ चा, कोलकात्यातला. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर. हा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब. ग्रीनकीपर म्हणजे होलभोवतीचं जे गालिच्यासारखं गवत असतं, ते राखणारा माणूस. तिथलं गवत एका बाजूला जरा वाढलं तरी बॉलची दिशा बदलते. थोडक्यात, मेंबरांचा खेळ ज्याच्या हातावर उभा असतो, पण जो स्वतः त्या खेळात नसतो, असा माणूस.

पोरगा लहानपणापासून वडिलांसोबत मैदानावर. त्याला कोच मिळाला नाही, अकादमी मिळाली नाही. मेंबर कसे मारतात ते बघायचं आणि तसं करून पाहायचं, हीच शाळा. १९९७ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी तो प्रो झाला, म्हणजे गोल्फवर पोट भरायचं ठरवलं.

दोनच वर्षांत, १९९९ ला, तो इंडियन ओपनमध्ये दुसरा आला. इंडियन ओपन ही आपली सगळ्यात मानाची स्पर्धा, १९६४ पासून चालत आलेली. तिथे दुसरं येणं म्हणजे पोरात दम आहे, हे सगळ्यांना कळलं. पुढची काही वर्षं तो देशातल्या स्पर्धा जिंकत राहिला. नाव झालं, पण ते गोल्फच्या वर्तुळात. बाहेर कुणी ओळखत नव्हतं.

मग आला फेब्रुवारी २००८. दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स भरली. युरोपियन टूरची भारतात झालेली ही पहिलीच स्पर्धा, बक्षिसाची एकूण रक्कम २५ लाख डॉलर. दक्षिण आफ्रिकेचा अर्नी एल्स खेळायला आला होता, त्यामुळे कॅमेरे आणि गर्दी त्याच्यामागे. शेवटच्या दिवशी ट्रॉफी घेऊन गेला तो ग्रीनकीपरचा पोरगा. आयर्लंडच्या डेमियन मॅकग्रेनला त्याने दोन फटक्यांनी मागे टाकलं. युरोपियन टूरवर जिंकणारा तो तिसरा भारतीय ठरला. पहिल्या नंबरचं बक्षीस होतं चार लाख डॉलरच्या वर. तेव्हाच्या हिशोबाने दीड कोटीहून जास्त रुपये.

माझ्या मते मात्र या विजयातला पैशाइतकाच मोठा मुद्दा दुसरा होता. युरोपियन टूर जिंकलं की तिथल्या स्पर्धांत काही काळ थेट प्रवेश मिळतो. प्रत्येक वेळी पात्रता फेरीच्या दारात उभं राहावं लागत नाही. ज्याच्याकडे पाठबळ नाही त्याला एकदा चमकून भागत नाही, त्याला सलग खेळायची हमी लागते. ती चौरसियाला त्या एका रविवारने दिली.

२०११ ला त्याने अवंथा मास्टर्स एका फटक्याने जिंकली, २०१४ ला पॅनासॉनिक ओपन. पण ज्या स्पर्धेपासून सुरुवात झाली होती, ती इंडियन ओपन काही हाताला लागेना.

चार वेळा दुसरा

१९९९ ला दुसरा. २००६ ला दुसरा. २०१३ ला दुसरा. २०१५ ला पुन्हा दुसरा.

२०१३ ची गोष्ट सांगायलाच हवी. त्या वर्षी जिंकला बांगलादेशचा सिद्दीकुर रहमान. हा ढाक्याच्या कुर्मिटोला गोल्फ क्लबवर बॉल बॉय होता. म्हणजे भारताच्या सगळ्यात मानाच्या स्पर्धेत पहिला आला एके काळचा बॉल बॉय, आणि दुसऱ्या नंबरावर होता ग्रीनकीपरचा मुलगा. गोल्फ हा फक्त श्रीमंतांचा खेळ आहे असं कुणी म्हणालं तर मी हे वर्ष सांगते. अर्थात समोरचा लगेच विचारतो, मग तिकीट काढून बघायला कोण आलं होतं? त्याचंही खरं आहे.

२०१५ चा पराभव जास्त झोंबणारा होता. शेवटच्या दिवशी चौरसिया आघाडीवर, आणि अनिर्बान लाहिरी त्याच्या सात फटके मागे. गोल्फमध्ये एका दिवसात सात फटके भरून काढणं म्हणजे शेवटच्या चढाईत लोण देऊन सामना फिरवण्यासारखं. लाहिरीने ते केलं. दोघे बरोबरीत आले, प्लेऑफ झाला, आणि लाहिरीने पहिल्याच होलला बर्डी मारून विषय संपवला.

पुढच्याच वर्षी, २०१६ ला, तेच दिल्ली गोल्फ क्लबचं मैदान आणि पुन्हा लाहिरी मागे. या वेळी मात्र चौरसियाने सोडलं नाही. लाहिरी आणि कोरियाचा जुंगहून वांग या दोघांना दोन फटक्यांनी मागे ठेवून, पहिल्यांदा दुसरा आल्यानंतर १७ वर्षांनी त्याने इंडियन ओपन जिंकली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिक होतं. १९०४ नंतर थेट ११२ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये गोल्फ परत आलं, आणि भारताकडून पुरुषांत दोघं गेले, लाहिरी आणि चौरसिया. चौरसिया संयुक्त ५० वा आला. पदकाच्या दृष्टीने फार काही नाही. पण वर्ष संपायच्या आत त्याने मनिला मास्टर्सही जिंकली.

२०१७ ला इंडियन ओपन दिल्ली गोल्फ क्लबवरून उठून गुरुग्रामच्या डीएलएफच्या नव्या कोर्सवर गेली. इथे थोडं थांबायला हवं. दिल्लीचा कोर्स अरुंद आहे, दोन्ही बाजूंनी दाट झुडपं. तिथे लांब मारणाऱ्याला ताकद वापरता येत नाही, बॉल झुडपात गेला की खेळ संपला. त्यामुळे ‘चौरसिया त्याच कोर्सवर चालतो’ असं म्हणायला लोकांना जागा होती. डीएलएफचा गॅरी प्लेयरने आखलेला कोर्स लांबलचक आणि भल्याभल्यांना रडवणारा. तिथे चौरसिया सात फटक्यांनी जिंकला. सलग दुसरी इंडियन ओपन. त्याआधी असं करणारा भारतीय म्हणजे २००६ आणि २००७ चा ज्योती रंधावा. त्याच वर्षी चौरसियाला अर्जुन पुरस्कार मिळाला.

ताकद कमी, मग जिंकायचा कसा?

त्याला मित्रांनी टोपणनाव दिलं होतं ‘चिपुट्सिया’. चिप आणि पट या दोन शब्दांवरून. चिप म्हणजे होलच्या जवळून बॉल हलकेच उचलून टाकणं, पट म्हणजे गवतावरून घरंगळत भोकात घालणं. दोन्ही मिळून शॉर्ट गेम. एका राऊंडमध्ये ७० च्या आसपास फटके लागतात, त्यातला फार मोठा हिस्सा याच शेवटच्या टप्प्यातला. ३०० यार्ड लांब मारलेला फटका आणि दोन फुटांवरचा पट, स्कोअरकार्डवर दोन्हींची किंमत एकच.

आता विचार करा, कॅडीच्या किंवा माळ्याच्या पोराला सरावाला काय मिळतं? पूर्ण कोर्स नाही मिळत. पूर्ण किट नाही मिळत, कुणी टाकून दिलेला एखाद-दुसरा क्लब मिळतो. नवे बॉल परवडत नाहीत, म्हणून लांब मारून हरवायची चैन नाही. मेंबर घरी गेले की संध्याकाळच्या उजेडात एखाद्या कोपऱ्यात जवळजवळचे फटके मारत बसायचं. असा पोरगा मोठेपणी शॉर्ट गेममध्ये उस्ताद झाला तर नवल नाही. अडचणीतून आलेलं कसब आहे ते. पण त्याचं फार कौतुक करायलाही मला नको वाटतं, कारण त्याच अडचणीमुळे ज्यांचा लांबचा फटका कधी तयारच झाला नाही अशी पोरं आपल्याला दिसत नाहीत.

चौरसिया एकटा नाही. दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी अली शेर १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रो ठरला, १९९३ ला त्याने ती परत जिंकली. त्याच्या आधी भारतीय विजेता होता तो फक्त १९६५ चा बिलू सेठी, आणि तो हौशी खेळाडू होता. २००२ चा विजेता लखनौचा विजय कुमार, २००९ चा बंगळुरूचा सी. मुनियप्पा, यांचीही सुरुवात बॅगा उचलण्यापासूनच.

मराठी वाचकाला ही गोष्ट कुठेतरी ऐकल्यासारखी वाटेल. पळवणकर बाळू आठवा. १०० वर्षांहून जुनी गोष्ट. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्रिकेट मैदानावर खेळपट्टी राखायची आणि साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकायची, हे त्यांचं काम. बॅट हातात मिळायची नाही, ती साहेबांची. त्या बॉलिंगच्या जोरावर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून जास्त विकेट काढल्या. बाळूंच्या वाटेत जात आडवी होती. चौरसियाच्या गोष्टीत पैसा आणि मेंबरशिप दिसते. दोन गोष्टी एक नाहीत, पण मैदान राखणाऱ्याने आधी बघून खेळ शिकायचा, हा भाग सारखाच आहे.

चेंबूरच्या गल्लीतलं गोल्फ

परत हार्बर लाईनवर येऊ. चेंबूरच्या क्लबच्या आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी एक खेळ काढला, त्याला स्लम गोल्फ म्हणतात. क्लब परवडत नाही? मग बांधकामावरची लोखंडी सळई वाकवायची आणि पकडायला पाईपचा तुकडा चढवायचा. बॉल प्लास्टिकचा, म्हणजे कुणाची काच फुटत नाही आणि डोकंही. होल म्हणून गल्लीतली एखादी ठरवलेली जागा. फटका घराच्या पत्र्यावरून, गटारावरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून काढायचा. परदेशी फोटोग्राफर येऊन या खेळाचे फोटो काढून गेले, जगभर छापून आले.

फोटोत हे मजेशीर दिसतं. पण जरा नीट बघितलं तर तीन फूट रुंद गल्लीत सरळ फटका मारायचा म्हणजे हातावर काय ताबा लागत असेल! मुंबईचा अनिल बजरंग माने याच वाटेने आला. कॅडीचं काम, गल्लीतला खेळ, आणि पुढे पीजीटीआयवर व्यावसायिक गोल्फपटू. पीजीटीआय म्हणजे २००६ पासून चालणारी भारतातली व्यावसायिक पुरुष गोल्फची मुख्य टूर. तिथे शिरायचं तर क्वालिफाईंग स्कूल नावाची पात्रता स्पर्धा पार करावी लागते. नाव स्कूल असलं तरी तिथे शिकवत कुणी नाही.

आणि कॅडीचा प्रो झाला की नवा प्रश्न सुरू होतो. अनेक क्लबांत सोमवारी मेंबरांसाठी मैदान बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. आठवड्यातला एक दिवस. पण ज्याने गोल्फवर पोट भरायचं ठरवलंय त्याला रोज सराव हवा. मेंबरशिप घ्यायची तर रक्कम त्याच्या आवाक्यातली नाही, आणि पैसे असले तरी प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची. म्हणजे बॅग खांद्यावर असताना ज्या गेटमधून रोज आत जायचा, त्याच गेटवर स्वतःच्या बॅगेसकट परवानगी मागायची. काही क्लब सवलत देतात, काही मेंबर स्वतः खर्च उचलतात. असे मेंबर भेटले नसते तर वर घेतलेली नावंही कदाचित आपल्याला कळली नसती. पण तो झाला नशिबाचा भाग, ती काही व्यवस्था नाही.

याउलट पुण्याच्या उदयन मानेचं बघा. तो हौशी स्पर्धांच्या रीतसर पायऱ्या चढत प्रो झाला, पीजीटीआयच्या बऱ्याच स्पर्धा जिंकल्या आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली म्हणून ऐन वेळी त्याला जागा मिळाली. मेहनत त्याचीही कमी नाही. पण त्याची वाट नकाशावर दाखवता येते, अमुक वयात ही स्पर्धा, मग ती. कॅडीच्या पोराला असा नकाशा कुणी देत नाही.

खारघरच्या कोर्सचं वेगळेपण इथेच आहे. तो खासगी क्लबसारखा फक्त मेंबरांचा नाही. सिडकोने सार्वजनिक जमिनीवर उभारलाय, पैसे भरून बाहेरचा माणूसही खेळू शकतो. पेण किंवा रोह्याच्या एखाद्या पोराने ठरवलं तर त्याला चेंबूरपर्यंतही जावं लागणार नाही. फक्त ते पैसे भरणार कोण, किट आणणार कोण, आणि पहिल्यांदा क्लब धरायला शिकवणार कोण, एवढंच विचारायचं राहतं. सध्या तरी आपल्याकडची पोरं तिथे पोचलीच तर बहुधा कामाला पोचतील. कोलकात्यात चौरसियाचे वडीलही कामालाच गेले होते.